काउअनमधले घर : रान, रेल्वे आणि वणव्याच्या दिवसांतले निर्णय

प्रकरणाची ओळख

सिडनीहून उत्तरेला जाणारी रेल्वे हॉर्न्सबी सोडून पुढे निघाली की घरे विरळ होत जातात, आणि बेराउराच्या पुढचे स्थानक येईपर्यंत दोन्ही बाजूंना निव्वळ रान उरते. हे स्थानक काउअनचे. उपनगर म्हणवणाऱ्या या वस्तीत हजारही माणसे राहत नाहीत. २०१८ साली एका मराठी कुटुंबाने तिथे घर घेतले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ते घर सोडून बाहेर पडायचे की नाही आणि पडायचे तर केव्हा, हे त्यांना एका रात्रीत ठरवावे लागले. घर जळले नाही आणि कोणाला इजाही झाली नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे, कारण घर घेताना या कुटुंबाने ज्या रेल्वेच्या सोयीला पहिली अट मानले होते, तिच्यावरच त्या दिवशी सगळी भिस्त येऊन पडली आणि ती भिस्त किती तकलादू आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

कुटुंबाशी माझा जुना परिचय आहे आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत. घरात चार माणसे आहेत : चाळिशीतले पती-पत्नी, तेव्हा सात वर्षांची मुलगी आणि पतीच्या आई. आई मूळच्या कर्जतच्या असून त्यांचे बरेचसे आयुष्य तिथेच गेले.

जागा आणि तिचा इतिहास

काउअन लहान का राहिले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

हा सगळा प्रदेश हॉक्सबरी वालुकाश्माचा आहे. नदीने आणि ओढ्यांनी हा दगड इतका खोल कापला आहे की माथ्यावर चिंचोळ्या सोंडा उरल्या आहेत आणि दोन्ही अंगांना उतरत्या दऱ्या. काउअन अशाच एका सोंडेवर, सुमारे २०० मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेचा उतार बेराउरा खाडीकडे जातो आणि पूर्वेचा काउअन खाडीकडे. रस्ता असो वा रेल्वे, इथून जायचे तर सोंडेवरूनच जावे लागते, दुसरी वाट नाही.

रेल्वे ७ एप्रिल १८८७ रोजी हॉर्न्सबीहून हॉक्सबरी नदीच्या काठापर्यंत पोहोचली. नदीवर तेव्हा पूल नव्हता. प्रवाशांना 'जनरल गॉर्डन' नावाच्या वाफेच्या बोटीत बसून गॉसफर्डच्या बाजूला जावे लागे. न्यूयॉर्कच्या युनियन ब्रिज कंपनीने बांधलेला पूल १ मे १८८९ रोजी खुला झाला आणि उत्तरेकडचे व दक्षिणेकडचे लोहमार्ग जोडले गेले. पुढे त्या पुलाच्या एका खांबाला तडे गेले, म्हणून शेजारीच नवा पूल बांधला गेला आणि १९४६ मध्ये गाड्या त्यावरून धावू लागल्या.

नदीकाठच्या स्थानकापासून काउअनपर्यंत रेल्वे जवळजवळ समुद्रसपाटीवरून माथ्यावर चढते. हा चढ ४० ला १, म्हणजे ४० मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा आहे आणि 'काउअन बँक' या नावाने रेल्वेवाले त्याला ओळखतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात जड गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन लावावे लागे. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आई म्हणाल्या, "म्हणजे आपले बँकरच की." कर्जतहून खंडाळ्याच्या घाटात गाड्यांना मागून लागणारी बँकर इंजिने त्यांनी लहानपणापासून पाहिलेली होती. तो घाट ३७ ला १ चा, म्हणजे काउअनपेक्षा किंचितच खडा. या जागेशी त्यांचे नाते जुळले ते इथून.

या चढाला एक दुःखद तारीखही चिकटलेली आहे. ६ मे १९९० च्या संध्याकाळी ३८०१ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाची खास गाडी चढावर रखडली असताना मागून आलेली विद्युत गाडी तिच्यावर आदळली आणि सहा जण मरण पावले. चाकांना पकड मिळावी म्हणून रुळांवर टाकलेल्या वाळूमुळे, पुढे गाडी उभी आहे हे सिग्नलला कळवणारे रुळांतले विद्युत-मंडल नीट जुळले नाही आणि मागच्या गाडीला थांबण्याचा सिग्नल मिळाला नाही. ही हकिगत इथे देण्याचे कारण एवढेच की, या सोंडेवरची रेल्वे सरळसोट उपनगरी रेल्वे नाही. ती डोंगरातली वाट आहे आणि डोंगरातल्या वाटेच्या सगळ्या अडचणी तिला आहेत.

रेल्वे आली, पण तिच्या मागोमाग वस्ती पसरली नाही, कारण दोन्ही बाजूंची जमीन लवकरच राखीव झाली. एकल्स्टन दु फोर यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये पूर्वेकडे कुरिंगाय चेस हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. उत्तर-पश्चिमेला जॉन टिपर यांनी १९३० च्या दशकात जमीन भाड्याने घेऊन राखलेले मुओगामारा आज संरक्षित क्षेत्र आहे आणि वसंतातले मोजके आठवडेच लोकांसाठी उघडते. तिथल्या खडकांवर मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृती आहेत. रेल्वे, उद्यान किंवा रस्ता यांच्या कितीतरी आधीपासून हा माणसांचा प्रदेश होता याची साक्ष त्या देतात. पुढे पॅसिफिक महामार्ग आणि १९६० च्या दशकात मोटरवे, म्हणजे द्रुतगती मार्ग, हेही याच सोंडेवरून काढले गेले. परिणामी आज काउअन म्हणजे महामार्ग, लोहमार्ग आणि मोटरवे या तीन समांतर रेषा, त्यांच्या पश्चिमेला घरांच्या थोड्या गल्ल्या आणि भोवती रान. मोटरवे शेजारून धो-धो वाहतो, पण त्यावर चढायला काउअनमध्ये वाट नाही. त्यासाठी महामार्गाने दक्षिणेला बेराउराकडे किंवा उत्तरेला नदीकडे जावे लागते.

रानाबद्दल मात्र मनापासून लिहिले पाहिजे, कारण या कुटुंबाला तिथे ओढून नेणारे तेच. स्थानकातून मोटरवेवरचा पादचारी पूल ओलांडला की जेरुसलेम बेची पायवाट उतरू लागते. सिडनी ते न्यूकॅसल अशी सुमारे २५० किलोमीटरची 'ग्रेट नॉर्थ वॉक' इथूनच जाते आणि पुढे ब्रुकलिनला पोहोचते. वाटेत अँगोफोराची झाडे लागतात. त्यांची जुनी साल उन्हाळ्यात गळून पडते आणि आतले खोड ताज्या विटेसारखे, कधी सामन माशासारखे गुलाबी दिसते. हात लावला तर ते गुळगुळीत आणि उन्हातसुद्धा गारसर लागते. बँक्सियाची काळपट बोंडे, कड्यांच्या कपारींत पाण्याने भिजलेले शेवाळ, आणि पहाटे लायरबर्ड दुसऱ्या पाखरांचे आवाज काढत असतो तो वेगळाच. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे रान परके वाटत नाही, फक्त इथे वैशाखाचा वणवा डिसेंबरात येतो.

समस्या

वरवर पाहता समस्या साधी होती. हॉर्न्सबीतल्या भाड्याच्या सदनिकेत चार माणसांना जागा पुरत नव्हती आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईंना जिने चढणे अवघड जात होते. पतीचे कार्यालय तेव्हा शहराच्या मध्यभागी होते आणि त्यांना रोज गाडी चालवायची नव्हती. म्हणून त्यांनी तीन अटी ठरवल्या : स्थानक पायी अंतरावर हवे, घर एकमजली हवे आणि कर्ज झेपेल एवढीच किंमत हवी.

खरी समस्या त्यांना तेव्हा दिसली नाही. ती अशी की काउअनमध्ये राहण्यामागची सगळी सोय एका सोंडेवरच्या एका लोहमार्गाने आणि एका महामार्गाने पुरवलेली आहे, आणि ज्या दिवशी तिथून बाहेर पडण्याची खरी गरज लागेल त्या दिवशी हे दोन्ही मार्ग धुराखाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियाच्या या भागात वणव्याचा सर्वांत घातक वारा वायव्येकडून, कोरड्या अंतर्भागातून येतो. घर होते पश्चिमेच्या शेवटच्या गल्लीत, आणि परसाच्या कुंपणापलीकडे जमीन पश्चिमेला उतरत होती.

आग चढावर वेगाने पळते. दहा अंशांच्या चढावर तिचा वेग साधारण दुप्पट होतो, हे इथले अग्निशमन दल सगळ्यांना शिकवते. आईंना ते शिकवावे लागले नाही. घर पाहायला गेल्या तेव्हाच परसात उभ्या राहून त्या मुलाला म्हणाल्या होत्या, "वणवा डोंगर चढतो रे. घर वर आणि रान खाली." त्या वेळी सगळ्यांचे लक्ष स्वयंपाकघराच्या मापाकडे होते.

घरखरेदीच्या वेळचे पर्याय

त्यांच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, हॉर्न्सबीतच थोडी मोठी सदनिका घेणे. यात प्रवास सुटत होता, पण जागा पुरत नव्हती आणि मासिक देखभाल शुल्क जड वाटत होते. दुसरा, वायव्य सिडनीत स्कोफिल्ड्सच्या आसपास नव्या वसाहतीत घर घेणे. तिथे मराठी व इतर भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, देवळे आणि किराणा जवळ आहेत, आणि वायव्येची मेट्रो पुढच्या वर्षी सुरू होणार होती. घरे मात्र भिंतीला भिंत लागून आणि अंगणात एकही जुने झाड नाही. तिसरा पर्याय काउअन : १९६० च्या दशकातले लाकडी तक्तपोशीचे, खांबांवर उभे असलेले एकमजली घर, स्थानकापासून बारा मिनिटांच्या अंतरावर, मध्यवर्ती सिडनीला रेल्वेने सुमारे तासाभराचा प्रवास.

त्यांनी काउअन निवडले. माझ्या मते निवड चूक नव्हती, पण ती करण्याची रीत चुकली. घर विकणाऱ्या दलालाने रान हा घराचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला आणि त्यांनीही तो तसाच मानला. न्यू साउथ वेल्स या इथल्या राज्यात विक्रीकराराला स्थानिक परिषदेचे नियोजन प्रमाणपत्र जोडलेले असते. ही जमीन 'वणवाप्रवण' म्हणून नोंदलेली आहे की नाही, हे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. त्यांनी सही केली, अनामत भरली आणि तिसऱ्या दिवशी पत्नीने ते प्रमाणपत्र सावकाश वाचले. ती ओळ तिथे होती.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. कायद्याने घर घेणाऱ्याला करारानंतर कामकाजाचे पाच दिवस माघार घेण्याची मुभा असते. माघार घेतली तर किमतीचा पाव टक्का सोडावा लागतो. त्यांच्या हातात दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्यांनी तीन गोष्टी केल्या आणि त्याबद्दल त्यांना पुरेपूर श्रेय दिले पाहिजे.

एक, वणव्याच्या धोक्याचे मूल्यमापन करणाऱ्या सल्लागाराला जागेवर बोलावले. 'बुशफायर अटॅक लेव्हल' या मापात घराचा मागचा भाग २९ वर बसतो, असे त्याने सांगितले. हे आकडे दर चौरस मीटरमागे किती किलोवॅट उष्णता अंगावर येऊ शकते त्याचे असतात आणि २९ च्या वर ४० व त्यापुढे थेट ज्वालांचा पट्टा, एवढ्याच पायऱ्या उरतात. जुने घर जसे आहे तसे विकत घ्यायला याची आडकाठी नसते, पण मागे खोली वाढवायची तर त्या दर्जाचे साहित्य वापरावे लागते.

दोन, विम्याची चौकशी केली. पहिल्या कंपनीने सांगितलेली रक्कम आजच्या घराची होती. नव्या नियमांनुसार पुन्हा बांधायला त्याहून बरेच जास्त लागले असते. शिवाय बऱ्याच विमापत्रांत सुरुवातीचे तीन दिवस वणव्याचे नुकसान धरले जात नाही. म्हणून ताबा मिळायच्या आठवडाभर आधीच त्यांनी विमा सुरू केला.

तीन, शेजाऱ्याशी बोलले. साठी ओलांडलेले हे गृहस्थ कित्येक वर्षे स्वयंसेवी अग्निशमन पथकात होते. त्यांनी रान भीतिदायक करून सांगितले नाही की गोंडसही केले नाही. काउअनच्या दक्षिणेला दोनच स्थानकांवर असलेल्या माउंट कुरिंगायजवळ ८ जून २००० रोजी काय झाले ते त्यांनी सांगितले. उन्हाळ्यातला धोका कमी व्हावा म्हणून थंडीत मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगीत उद्यान विभागाचे चार कर्मचारी गेले होते. म्हणजे रान जाळून टाका, हा उपायही सोपा नाही.

हे सगळे ऐकून पती-पत्नींनी घर ठेवले.

केलेली कामे

पहिल्या वर्षात त्यांनी घराभोवती पुष्कळ काम केले. वणव्यात बहुतेक घरे ज्वालांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडून येणारे निखारे पन्हळीत, फटीत, तक्तपोशीखाली शिरतात आणि घर आतून पेटते. म्हणून खांबांमधली मोकळी जागा, झरोके आणि छपराच्या कडा त्यांनी दोन मिलिमीटरच्या धातूच्या जाळीने बंद केल्या. घराखाली रचलेले जळण कुंपणाजवळ नेले. गॅसच्या टाक्यांची सुरक्षा-झडप घरापासून दूर वळवली. पन्हळीतली पाने महिन्यातून एकदा काढायची असे ठरले आणि ते काम पत्नीकडे आले. निलगिरीची वाळलेली पाने मुठीत घेतली की पापडासारखी मोडतात आणि हाताला तेलकट वास राहतो. त्या वासाने मला कोरड्या रानाचा अर्थ कोणत्याही माहितीपत्रकाहून जास्त कळला, असे त्या म्हणतात.

झाडांचा प्रश्न मात्र अवघड निघाला. न्यू साउथ वेल्समध्ये २०१४ पासून '१०/५०' नावाची योजना आहे. ठरलेल्या क्षेत्रात घरापासून दहा मीटरपर्यंतची झाडे आणि पन्नास मीटरपर्यंतची झुडपे परवानगीशिवाय काढता येतात. त्यांचा पत्ता त्या क्षेत्रात बसत होता. पण जमिनीचा उतार १८ अंशांहून जास्त असेल तर मुळासकट काढता येत नाही, फक्त छाटता येते, कारण मुळे गेली की माती वाहून जाते. आणि कुंपणाच्या पलीकडचे सरकारी रान तर त्यांचे नव्हतेच. निजायच्या खोलीपासून सात मीटरवर एक जुना अँगोफोरा होता. पती म्हणत, काढू या. पत्नी आणि मुलगी तयार नव्हत्या. अखेर झाडांचा जाणकार बोलावून खालच्या आणि छपराकडे झुकलेल्या फांद्या छाटल्या, पायथ्याशी पडणारी साल गोळा करायची असे ठरवले आणि झाड ठेवले.

घराची तयारी अशी बरीच झाली. माणसांच्या तयारीसाठी मात्र एकच वाक्य ठरले : "धूर दिसला की निघायचे." याच वाक्याने पुढे घोळ केला.

१२ नोव्हेंबर २०१९

सोमवारी, ११ नोव्हेंबरला, न्यू साउथ वेल्समध्ये आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवसासाठी ग्रेटर सिडनी विभागाला वणव्याच्या धोक्याची सर्वांत वरची 'कॅटॅस्ट्रॉफिक' पातळी देण्यात आली. ही पातळी २००९ मध्ये अमलात आल्यापासून सिडनीला ती पहिल्यांदाच मिळत होती. अशा दिवशी पेटलेल्या वणव्यापुढे टिकेल अशा रीतीने घरे बांधलेलीच नसतात, म्हणून आधीच निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग, असे अग्निशमन दल स्पष्ट सांगत होते.

त्या रात्री जेवणानंतर चर्चा झाली. रात्रीच निघायचे, सकाळी निघायचे, पतींनी थांबून घर राखायचे आणि बाकीच्यांनी जायचे, किंवा सगळ्यांनी थांबून धूर दिसतो का पाहायचे, असे चार मार्ग होते. पतींचे कार्यालय मधल्या काळात मॅक्वारी पार्कला हलले होते आणि सकाळी आठची बैठक टाळता येणार नाही, असे त्यांना वाटत होते. आई म्हणाल्या, "मी कुठे जाऊ या गुडघ्यांनी? तुम्ही जा, मी देवापाशी बसते." मुलीची शाळा उघडी असेल असे गृहीत धरले गेले. शेवटी ठरले काहीच नाही. धूर दिसला की निघायचे, हे जुने वाक्य होतेच.

पती साडेसहाला गाडी घेऊन गेले. घरातली ती एकमेव गाडी. सातनंतर शाळा बंद असल्याचा निरोप आला. त्या दिवशी राज्यातल्या सहाशेहून अधिक शाळा बंद होत्या. नऊच्या सुमारास वारा उठला आणि शेजारी दाराशी आले. ते स्वतः सामान गाडीत भरत होते. दोन वाक्यांतच त्यांनी विचारले, की तुम्ही केव्हा निघणार आणि कशाने?

पत्नीने पतींना फोन केला. ते परत येईपर्यंत पाऊण तास तरी जाणार होता, आणि ते येत असताना महामार्ग बंद झाला तर घर एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या बाजूला अडकणार होती. शेजाऱ्यांच्या गाडीत दोनच जागा होत्या. आईंना आणि मुलीला त्यांच्याबरोबर पाठवायचे आणि आपण मागून यायचे, असे पत्नीला वाटले. पण आई तिला सोडून जायला तयार होईनात. मग तिघी स्थानकाकडे निघाल्या. चाकांच्या बॅगेत पासपोर्ट, आईंची औषधे, कपड्यांचा एक जोड. आईंच्या हातात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली पितळी अन्नपूर्णा. एरवी बारा मिनिटांच्या वाटेला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. काउअनला दिवसा साधारण तासाला एक रेल्वेगाडी असते. त्या दिवशी ती वेळेवर आली. हॉर्न्सबीला पती भेटले आणि सगळे वेस्टमीडला मराठी मित्रांकडे गेले.

परिणाम

त्या दिवशी काउअनला आग लागली नाही. दुपारी आग लागली ती दक्षिणेला, साउथ टुरामुरात, म्हणजे कितीतरी अधिक शहरी समजल्या जाणाऱ्या उपनगरात. तिथल्या घरांवर विमानांनी गुलाबी अग्निरोधक ओतल्याची दृश्ये वेस्टमीडमधल्या दिवाणखान्यात सगळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुटुंब परतले. घर जसेच्या तसे होते.

"उगाच धावपळ झाली," ही पतींची पहिली प्रतिक्रिया. ती समजण्यासारखी आहे, पण मला ती धोक्याची वाटते. निघण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे आग लागली की नाही यावरून ठरत नाही. सकाळी नऊला हातात जी माहिती होती तिच्यावरून ते ठरते, आणि त्या माहितीनुसार तो निर्णय एक रात्र उशिरा झाला होता. तिघींना बाहेर काढले ते एका रेल्वेगाडीने, आणि ती गाडी जिथून धावते तो लोहमार्ग त्याच सोंडेवर, त्याच रानातून जातो. त्या दिवशी मार्ग बंद करावा लागला असता, तर शेजारीही आधीच निघून गेलेले असल्याने त्यांच्याकडे काहीही उरले नसते.

पुढच्या आठवड्यांत वायव्येला गॉस्पर्स माउंटनचा वणवा पसरत गेला. २६ ऑक्टोबरला विजेने पेटलेली ही आग विझेपर्यंत पाच लाखांहून अधिक हेक्टर रान जळाले. धुराने सूर्य तांबडा दिसे आणि परसातल्या दोरीवरच्या कपड्यांवर राख बसे. २१ डिसेंबरसाठी पुन्हा सर्वांत वरची पातळी जाहीर झाली. या खेपेला कुटुंब आदल्या संध्याकाळीच निघाले. वेळ आईंनी ठरवली : दिवेलागणीच्या आत घर सोडायचे.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक क्रमाची. नियोजन प्रमाणपत्र सहीच्या आधी वाचायला हवे होते. माघारीचे पाच दिवस ही सोय आहे, पण त्या दिवसांत मन आधीच घरात राहायला गेलेले असते आणि धोका मोजण्यापेक्षा तो पटवून घेण्याकडेच कल जातो. पत्नीने ते वाचले म्हणून बरे झाले. अनेक जण वाचतच नाहीत.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक 'धूर दिसला की' या वाक्यात आहे. चिंचोळ्या सोंडेवर धूर दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे मार्ग बंद होण्याची वाट पाहणे. निघण्याची खूण आकाशात शोधण्यापेक्षा आदल्या दुपारी जाहीर होणाऱ्या धोक्याच्या पातळीत शोधायला हवी होती. ती वेळेवर कळते, ती नि:संदिग्ध असते आणि तिच्यावर रात्री चर्चा करत बसावे लागत नाही. त्या सोमवारी रात्री चारही जण समजूतदारपणे बोलले, तरी निर्णय झाला नाही, कारण ठरवण्याची वेळ जेवणानंतरची नव्हती, महिनाभर आधीची होती.

तिसरी गोष्ट वाहनाची. स्थानक जवळ म्हणून एकाच गाडीवर भागते, हा हिशेब रोजच्या दिवसाचा आहे. दुसरी गाडी घेणे त्यांना तेव्हा परवडणारे नव्हते आणि तसा आग्रहही मी धरणार नाही. पण धोक्याची पातळी वर असेल त्या दिवशी गाडी घराबाहेर न्यायची नाही, एवढा नियम तरी करता आला असता. कार्यालयाला तसे सांगणे अवघड नव्हते. नंतर पतींनी सांगितले तेव्हा वरिष्ठांनी एका वाक्यात मान्य केले.

चौथी गोष्ट आईंची, आणि ती मला जास्त बोचते. त्यांना नेणे ही अडचण मानली गेली, पण त्यांना विचारणे हा उपाय असू शकतो असे कोणाच्याच मनात आले नाही. कर्जतच्या डोंगरांवर उन्हाळ्यात लागणारे वणवे त्यांनी पाहिले होते, वणवा अडवायला वनखाते काढते त्या जाळरेषा त्यांना ठाऊक होत्या आणि घराच्या जागेतला दोष त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखला होता. 'मी कुठे जाऊ' असे त्या म्हणाल्या, कारण त्यांना नेणार कसे हे कोणी सांगितलेच नव्हते. डिसेंबरात पुढच्या आसनावर जागा, औषधांची पिशवी आणि अन्नपूर्णा आधीच ठरलेली होती, तेव्हा त्या सगळ्यांच्या आधी दाराशी उभ्या होत्या.

घराची कामे मात्र त्यांनी केली तशीच करावीत, असे मी कोणालाही सांगेन. जाळी, पन्हळी, जळण, गॅसची टाकी यांपैकी काहीच वाया गेले नाही. माणसे निघून गेल्यावर घर एकट्याने जेवढे झुंजू शकेल, ते यावरच अवलंबून आहे.

आजची स्थिती

कुटुंब अजून काउअनमध्येच राहते. १ सप्टेंबर २०२२ पासून धोक्याच्या सहा पातळ्यांऐवजी चारच राहिल्या. तेव्हा फ्रिजवरचा कागद नव्याने लिहिला गेला. त्यावर पातळी पाहण्याची वेळ, निघण्याची वेळ, वेस्टमीडचा पत्ता आणि कोणी काय उचलायचे ते आहे. शेजाऱ्यांच्या गाडीतल्या दोन जागांची नोंद आहे आणि त्यांचे मांजर या कुटुंबाने न्यायचे, अशी उलट नोंदही आहे. पहिली ओळ आईंच्या हस्ताक्षरात आहे : 'दिवेलागणीच्या आत.'

मागे खोली वाढवण्याचा विचार २९ च्या दर्जाचा खर्च ऐकून लांबणीवर पडला आहे. अँगोफोरा निजायच्या खोलीपासून सात मीटरवर उभा आहे. तो ठेवावा की नाही याबद्दल पती-पत्नींचे अजून एकमत नाही, आणि माझेही मत पक्के होत नाही. आता किशोरवयीन झालेली मुलगी दर उन्हाळ्यात त्याच्या बुंध्याशी पडलेली साल गोळा करून पोत्यात भरते.